एकाच झाडाचे दोन नमुने

कराडच्या प्रयोगशाळेत, मागच्या टेबलावर
दोन वर्तमानपत्रं पसरलीत.
एकावर हेळवाकचा अडुळसा, दुसऱ्यावर म्हसवडचा.
झाड तेच. तेच म्हणजे अक्षरशः तेच:
आई गावातच दिली, गिरजामावशी लांब दिली,
जाताना तिनं परसातली एक फांदी
ओल्या फडक्यात गुंडाळून एस.टी.त मांडीवर धरली.
एक्केचाळीस वर्षं झाली.

हेळवाकचं पान तळहाताएवढं,
मऊ, सुकता सुकेना.
चौथ्या दिवशी बुरशीचा वास आला,
सुतारमामांनी न सांगता पंखा लावून दिला.
म्हसवडचं पान आखूड, जाडसर,
दुसऱ्याच दिवशी कुरकुर वाजायला लागलं.
चाळणीत माणदेशाची धूळ उरली.
ती मी फेकली नाही. का, ठाऊक नाही.

दहा-दहा ग्रॅम पूड. मिथेनॉल. एक रात्र.
काचेच्या पट्टीवर शेजारी शेजारी दोन थेंब.
जांभळ्या दिव्याखाली
दोन्ही डाग एकाच उंचीवर थांबलेले,
बहिणी फोटोला उभ्या राहतात तसे.
म्हसवडची तेवढी गडद.
सर म्हणाले, पुन्हा कर.
पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही.
आकडा पावणेदोन पटीपाशीच घुटमळत राहिला.

'कारणे' या मथळ्याखाली लिहिलं:
पाऊस, उंची, माती, ऊन.
तिकडं चार महिने छत्री मिटत नाही,
इकडं टँकरचा वार विचारून पाहुणे येतात.
पाणी कमी, म्हणून कडूपणा जास्त.
सरांनी वाक्यात 'बहुधा' घालायला लावला.
घातला.

पानं कमी पडली म्हणून रविवारी म्हसवडला गेले.
मावशीचा धाकटा नातू खोकत होता.
तिनं बरणीतली अडुळशाची पूड काढली,
चार चिमटी, आलं, गुळाचा खडा.
मी म्हटलं, चारच? आई तर सात घालती.
"तिकडच्या सात," मावशी झाकण ठेवत म्हणाली,
"हितं सात घाटल्या तर पोर वकंल.
पैल्या साली समदी वकली हुती,
सासऱ्यासकट."
आणि पदर तोंडाशी धरून
इतकी हसली, की तिलाच ठसका लागला.

परतताना दहिवडीच्या पुढं गाडी बंद पडली.
तिकिटाच्या मागं सातला चारनं भागलं.
मग ते तिकीट वहीत ठेवलं,
'संदर्भ' लिहिलेल्या, अजून कोऱ्याच असलेल्या पानात.