रजेचे कारण

नववी ब. सातवा तास. पंखा एकच, तोही मुलींच्या बाजूला.
फळ्यावर मी आफ्रिका काढली,
खालचं टोक कडक भाकरीच्या मोडक्या कडेसारखं आलं.
हा बाक गोऱ्यांचा, मी म्हणाले. हा नळ गोऱ्यांचा.
काळ्या माणसानं खिशात पास ठेवायचा,
शिपायानं मागितला की दाखवायचा.
मुलं लिहून घेत होती.
'वर्णभेदा'तला रफार निम्म्यांनी खाल्ला.

मग अंबादास येमूल उठला:
"मॅडम, तिकडं सोपं होतं की ओ, लांबनंच रंग दिसायचा.
आपल्यात सगळेच असले,"
त्यानं मनगट वर केलं,
"वेगळं काढायचंच म्हटलं तर ओळखायचं कसं?"
वर्ग हसला. मीही, थोडीशी.
तिसऱ्या बाकावरची करिष्मा जाधव हसली नाही.
"वहीत लिहून," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं दुधाच्या धुतलेल्या पिशवीतून
एक झेरॉक्स काढला.
झेरॉक्सचा झेरॉक्स, त्याचाही झेरॉक्स असावा,
अक्षरं पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखी.
नाव: तायप्पा. उंची: पाच फूट तीन.
डाव्या भुवईवर व्रण.
बायको एक, मुलं तीन, गाढवं दोन.
गुन्हा: रकाना कोरा.
रजेचे कारण: बहिणीचे लग्न, बार्शी.
मुदत: दोन दिवस.
खाली अंगठा. शाई इतकी
की एकही रेष दिसत नाही.

"पणजोबा," ती म्हणाली. "सेटलमेंटात. तारेच्या आत.
भोंगा झाला की गिरणीत, पाळी सुटली की परत तारेत.
रात्रीही हजेरी.
आजोबा आतच जन्मले,
म्हणून त्यांचं नाव बारशाआधी वहीत."

"हा कागद तुझ्याकडं कसा?"
"पडताळणीला लागतो, मॅडम. जातीचा पुरावा.
आत्यानं सहा महिने कचेरीत हेलपाटे घातले.
सापडला नसता तर दाखला अडला असता."

मी पुस्तक उघडलं, उगाच.
पुस्तकात तार होती, समुद्रापलीकडची.

मला आमचं घर आठवलं, मागाच्या खटखटीतलं,
रंगाच्या पाण्यानं लाल झालेलं गटार,
आणि दिवेलागणीला आईची तेलुगूतली हाक:
तिकडं जाऊ नको.
'तिकडं' म्हणताना ती बोट दाखवत नसे.
तार काढून तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.
तांब्या हरवला, टॉवेल हरवला,
की आधी कुणाचं नाव निघायचं
हे मी त्या दिवशी वर्गात सांगितलं नाही.

पुढच्या बुधवारी सांगितलं.
खडू हातात होता, लिहायला काही नव्हतं.
अंबादास खाली बघत होता,
बाकावरचं कुणाचं तरी कोरलेलं नाव नखानं उकरत.
तांब्या मागून पलंगाखाली सापडला होता,
हेही सांगितलं.
कुणी काही बोललं नाही.
बाहेर पीटीच्या सरांची शिट्टी वाजत राहिली.

हल्ली हजेरीला मी नंबर घेत नाही.
नावं घेते, सगळ्यांची, आडनावं सोडून.
पाच मिनिटं जास्त जातात.
मुख्याध्यापक दारातून घड्याळ बघून जातात.
यानं काय होतं, मला विचारू नका.

त्या बुधवारी घंटेला दोन मिनिटं असताना
समर्थ बिराजदारनं हात वर केला:
"मॅडम, हे परीक्षेला येणार का?"
नाही, म्हटलं.
"मग वहीत लिहायचं का नाही?"

तेव्हा करिष्मा हसली,
तोंडावर हात धरून, खांदे हलेपर्यंत,
आणि मागं वळून त्याला म्हणाली,
"लिही की.
पण उंची नको लिहू."