पेट

ॲशिंग्टनच्या रुग्णालयामागे, गाड्यांच्या तळावर,
दर मंगळवारी एक लांबलचक ट्रक येऊन थांबतो.
त्याच्या पोटात आमचं यंत्र, आणि मी.

औषध पहाटेच निघतं, शिशाच्या डब्यात बसून.
साखरच ती. फक्त पदराला एक अस्थिर गाठ मारलेली,
एकशे दहा मिनिटांत निम्मी होणारी.
तिकडे हायवे तुंबला
की इकडे माझी वजाबाकी सुरू.

पहिली कर्स्टी हेपल, वय चौतीस.
मानेत गाठी होत्या, सहा केमो झाल्या.
आज बघायचं, विझलं की नाही.
सहा तासांची उपाशी, अंगात तीन स्वेटर.
शीर सापडेना. "हात बर्फ झालेत गं तुझे."
"मीटरमध्ये पैसे घालू तेवढाच गॅस, पेट.
पोराच्या खोलीपुरता होतो."

पेट. इकडे अनोळख्यालाही लाडानं असंच म्हणतात.
यंत्राचं नावही तेच.
आणि मिरजेत, रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारत आई म्हणायची,
पेट रे बाबा, पेट एकदाचा.

तासभर पडून राहायचं. बोलायचं नाही,
बोललं की गळ्याचे स्नायू साखर मागतात.
दोन ब्लँकेटं दिली नि शिशाच्या पडद्याआड गेले.
सुई दिल्यावर आमची माया अंतर मोजून.

आधी सीटी. ती घराचा नकाशा काढते:
खांब, जिने, कुठली खोली कुठल्या खोलीला लागून.
घरात जागं कोण आहे, हे तिला कळत नाही.
ते पेट सांगतं. जिथे पेशी हावरटासारखी साखर ओढते
तिथे एक कण सुटतो, भेटेल त्या इलेक्ट्रॉनसकट नाहीसा होतो,
आणि दोन किरण पाठीला पाठ लावून पळतात.
कड्याच्या दोन्ही बाजूंना एकाच क्षणी टकटक झाली
की यंत्र समजतं, या रेषेवर कुठेतरी.
अशा लाखो टकटकींतून माणूस उजळतो.

मेंदू लख्ख, तो कायमचा खादाड.
मागच्या आठवड्यात एका आजोबांचा मागून मंदावलेला होता,
नातीचं नाव का सापडत नाही, ते दिसत होतं.
कोणाची बदललेली झडप कडेनं धुमसते.

कर्स्टीची मान पेटली होती.
दोन्हीकडून, खांद्यांपर्यंत,
मफलर गुंडाळल्यासारखी.

माझ्या पोटात खड्डा.
मग दोन चित्रं एकावर एक ठेवली.
केशरी ठिणग्यांखाली गाठ नव्हती,
चरबी होती. तपकिरी चरबी,
तान्ह्या बाळांना असते तशी,
गारठ्यात स्वतः जळून अंग तापवणारी.
आणि जुन्या गाठींच्या जागी काळोख.
चांगला काळोख.

निदान सांगणं माझं काम नाही.
लांब कुठेतरी बसलेला डॉक्टर एक ओळ लिहील:
थंडीमुळे, आजार नव्हे.
घर गार आहे, याला रकाना नसतो.
तिचे आजोबा याच गावाखालून कोळसा काढायचे;
सुई टोचताना तिनं हसत सांगितलं होतं.

उठल्यावर तिनं माझा चेहरा वाचायचा प्रयत्न केला.
चेहराही आम्ही शिशाचाच ठेवतो.
"आज पोराला फार जवळ घेऊ नकोस. सहा तास तरी."
"आणि रात्री? तो माझ्याच पांघरुणात शिरतो."

मी घड्याळ पाहिलं. सव्वानऊला सुई.
अकरा पाचला निम्मी, एकला पाच कमी असताना पाव.
रात्री नऊला शंभरातला जेमतेम एक.
"रात्री घे," म्हटलं. "घट्ट घे."

तिसरा स्वेटर डोक्यातून घालता घालता
आतूनच ती म्हणाली, "टा, पेट."
दाराबाहेर गाड्यांच्या काचांवर हिव पडलं होतं.
माझ्यामागे, डब्यात,
पुढच्याची सुई निम्मी होत होती.