भिंतीपलीकडचे सामंत

माझं काम ओरडण्याचं होतं.
कोपरखैरण्यातल्या एका कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे आधी शिवणकामाचा वर्ग भरायचा
आणि फरशीच्या सांध्यांत अजून टाचण्या सापडायच्या.
दिवसाचे साडेचारशे. चहा वेगळा.

वायर कुठेच जोडलेली नव्हती.
मनगटाला पट्टा बांधताना केळसकर सर विचारायचे,
"घट्ट नाही ना झाला, सामंत?"
मी सामंत नव्हतो. सामंत ही भूमिका:
वय बेचाळीस, हृदयाचा किंचित त्रास,
शब्दांच्या जोड्या पाठ करायला आलेला,
चुकला की शॉक.

पंचाहत्तरला नुसतं "आई गं".
दीडशेला "सोडा मला, मला नाही करायचं हे".
तीनशेला प्लायवूडवर लाथ.
त्यानंतर काहीच नाही.
हौशी नाटकांत पंधरा वर्षं काढली मी,
पण त्या काहीच नाहीइतकं अवघड वाक्य
कुणी दिलं नव्हतं.

मला वाटलेलं, दुष्ट माणसं येतील.
आले ते रबाळ्याच्या कारखान्यातले स्टोअरकीपर,
डबा मांडीवर धरून बसलेले एक निवृत्त मुख्याध्यापक,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातला एक माथाडी,
बँकेतली बाई, जिने आधी हात धुतले.
भिंतीतून सगळं ऐकू यायचं:
खुर्ची सरकलेली, घसा खाकरलेला,
"सॉरी हं, काका." मग खटका.
"सर, ते ठीक आहेत ना?" मग खटका.
एकाने माझ्यासाठी रामरक्षा सुरू केली
आणि म्हणता म्हणता साडेचारशे व्होल्टला पोचला.
सर आवाज चढवायचे नाहीत.
"कृपया पुढे चला," एवढंच.
बसच्या कंडक्टरसारखं.

घणसोली गावातल्या चांगुणाबाई मढवी
सुनेने फॉर्म भरला म्हणून आलेल्या.
एकशेवीसला त्या थांबल्या.
सर म्हणाले, "पुढे चला."
बांगड्या वाजल्या, खुर्ची पडली,
आणि दार उघडलं.
माझं दार. जे इतक्या दिवसांत
कुणी उघडून बघितलं नव्हतं,
न दाबता उठून गेलेल्यांनीसुद्धा.

माझ्या हातात चहात बुडवलेलं बिस्किट.
त्यांनी बिस्किटाकडे पाहिलं,
मग लोंबणाऱ्या वायरीकडे.
"मना वाटला कोन मरतंय," त्या म्हणाल्या.
"मंग तू आरडतस कनाला?"

मी म्हटलं, "सरांनी सांगितलंय."

बिस्किट तुटून कपात पडलं.

त्याच आठवड्यात वाशीच्या डॉक्टरांनी
माझ्या घशात आरसा घालून पाहिलेलं:
गाठी आहेत, पंधरा दिवस एक शब्द नको.
कागदावर लिहून मी सरांना दाखवलं.
त्यांनी पूर्ण वाचलं. वाईटही वाटलं त्यांना.
"आठच जण उरलेत," म्हणाले,
"आता थांबलो तर सगळं फुकट जाईल."
दार उघडं होतं.
माझ्या मनगटाला तेव्हा पट्टाही नव्हता.

शेवटच्या आठ जणांनी ऐकलं ते खरं ओरडणं होतं.
त्यांतले सहा शेवटपर्यंत गेले.

अहवाल छापून आला. मढवीबाई त्यात नाहीत;
दार उघडल्याने नियम मोडला, म्हणून वगळल्या.
मीही नाही, कारण मला कुणी मोजत नव्हतं.
व्हाउचरवर मात्र सही आहे,
सामंत म्हणून.

आवाज आता असाच राहिलाय, फाटका.
फोनवर लोक विचारतात, झोपेतून उठवलं का.
ठाणे-बेलापूर रस्त्यावर बस गच्च भरते,
मागून कुणीतरी थकलेल्या, सभ्य सुरात म्हणतो,
"पुढे चला."

पुढे जागा नसते.
मी सरकतो.