निव्वळ वजन

सकाळी नऊला नाकातो आली,
पानांच्या कचऱ्यातून बॅग ओढत.
चाकांना केळीचा चीक, चिकावर माती.
म्हणाली, "दादा, तेवीस किलो.
वर गेलं की विमानवाले पैसे मागतात."

सावद्याच्या या काट्यावर मला एकोणीस वर्षं झाली.
घड तोलले, कापसाची बोचकी तोलली,
एकदा पैजेपायी रमजान तडवीचा बोकडही.
युगांडाला जाणारं ओझं मात्र
हे पहिलंच.

अठ्ठावीस सातशे.

ती गोणपाटावर बसली, चेन उघडली.
करप्याचे डाग रोजच्या रोज मोजलेल्या सात वह्या,
गमबूट,
भुसावळच्या बाजारातला दगडी खलबत्ता, आईसाठी.
"आईकडे खल नाही का?"
"आहे. लाकडाचा, कमरेएवढा. तो दारात असतो.
हा ती आत ठेवेल, कुणाला देणार नाही."

वह्या पाठीवरच्या पिशवीत गेल्या.
गमबूट माझ्या पोराला झाले, एक नंबर मोठे.
खलाबद्दल बोलायची सोय नव्हती.

तळाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी:
केळीचा कंद, एका बाजूनं फुटवा आलेला.
सिंधूबाई फेगडेंचं काम, जिच्या माडीवर ती राहिली.
आणि हीच पोरगी अकरा महिने बांधाबांधावर सांगत होती,
रोग कंदातून फिरतो, असा उचलून नेऊ नका.
आधी ती हसली.
मग तिनं कंदाचा वास घेतला.
मग बराच वेळ माझ्या वजनांकडे बघत बसली.

मी काही विचारलं नाही.
कंद हौदाजवळ ठेवला,
जिथं हमाल हातपाय धुतात.

दुपारी सिंधूबाईच्या चुलीवर तिनं तिच्या गावचं रांधलं.
हिरवी केळी सोलून, पानात बांधून, वाफेवर,
मग पानासकट तळव्यांनी दाबून.
"ही आमच्यासारखी नाही. ही गोड व्हायला बघते."
सिंधूबाईनं घास घेतला, विचार केला,
आणि न बोलता बाजूला ठेचा वाढला.
बाहेर पंचेचाळीस. सातपुडा उन्हात पुसलेला.
दाराशी पोरं नाक दाबून ओरडली, "नाक्कातो!"
तिनंही नाक दाबलं.

जेवताना म्हणाली, तिला जुळी बहीण आहे,
थोरली, चार मिनिटांनी.
नाकातो म्हणजे मागून आलेली.
"इथं मी कुणाच्या मागची नव्हते, दादा."
मग पाणी प्यायली,
आणि आणखी भात नको म्हणाली.

संध्याकाळी जीप आली.
भुसावळहून रात्रीची गाडी, पुढं विमान.
बॅग बावीस नऊशे.
ड्रायव्हरनं ती उचलली, खल आत खडखडला.

मग चपला काढून ती स्वतः काट्यावर चढली,
देवळाची पायरी चढावी तशी.
आली त्या दिवशीही चढली होती, गंमत म्हणून.
मी जुनी वही काढली: बासष्ट दोनशे.
आता पासष्ट सहाशे.
"माह्या हातचं भरीत हाये ते,"
सिंधूबाई म्हणाली, आणि उगाच
जीपच्या चाकांकडे बघायला लागली.

पावती फाडली. नाव, तारीख, एकूण वजन.
पुढं एक रकाना असतो: दांडीची घट.
एकोणीस वर्षांत तो मी कुणाचा मोकळा सोडला नाही,
हात जोडून उभ्या माणसाचाही नाही.
हिचा सोडला.
खाली लिहिलं, निव्वळ ६५.६००.

तिनं पावती पासपोर्टात घातली.
मराठी सहा आणि नऊ यांत तिची
शेवटपर्यंत गल्लत व्हायची.
बहिणीला सांगेल, पंच्याण्णव.