उष्टी हवा

उकंडराव चौधरींची गाडी पारव्याच्या रस्त्यानं आली
ती काळं शेपूट मागं ओढत.
"वढतच नाही वो पोरी," ते म्हणाले,
"खुनीच्या पुलाम्होरच्या चढावर
सायकलवाला निंघून गेला माह्या पुढं.
कागदावर तं नव्वद घोडे लिहेल हायेत हिचे.
कुठी गेले?"

मुनीरचाचांनी माझ्याकडं पाहिलं.
म्हणजे: तूच बघ.

बॉनेट उघडलं. वाफ, धूळ, एक करपलेली पाल.
फिल्टर काढला तर आत रुई.
दोन महिने जिनिंगच्या आवारात उभी होती गाडी,
कापसानं तिच्या नाकात बोळे घातले होते
मेलेल्याच्या नाकात घालतात तसे.
हे मी उकंडरावांना सांगितलं नाही.

पुढं रबरी नळीला बोटभर चीर.
दाबून भरलेली हवा तिथूनच
फुस्स करून रानात जायची.

टर्बो उतरवून त्यांच्या हातात दिला.
दोन गोगलगायी पाठीला पाठ लावून,
एक बिडाची, एक अल्युमिनियमची,
मधून करंगळीपेक्षा बारीक दांडा,
त्याच्या दोन टोकांना दोन चाकं.
एक इंजिनाच्या धुरानं फिरतं.
दुसरं त्याच्यासोबत, फिरावंच लागतं त्याला,
मिनिटाला लाखभर फेरे,
आणि बाहेरची हवा ओढून, चेपून, कोंबून
सिलिंडरात भरतं.
हवा जास्त, तर डिझेल जास्त जळतं.
पिस्टन तेच. इंजिन तेवढंच.
टर्बोवाचून हेच साठ घोड्यांवर थांबलं असतं.
वरचे तीस धुरातून आलेले,
तसाही फेकूनच द्यायचा होता तो.

आयटीआयमध्ये सरांनी फळ्यावर हे काढलं
तेव्हा पोरं बाणांच्या दिशा उतरवून घेत होती.
मला बाबांचा भाता दिसला.

सहा वर्षांची मी, दोरीला लोंबकळलेली.
"मार वो, मार," बाबा म्हणायचे
आणि कोळसा तोच, मूठभर,
लाल होता तो पिवळा व्हायचा,
पिवळा होता तो पांढरा,
विळ्याचं पातं चिमट्यात मान टाकायचं.
कोळसा वाढवला नव्हता कोणी.
भात्याला मात्र माझे हात लागायचे.
याला याचाच उष्टा श्वास पुरतो.

"मंग मे महिन्यात काहून मरते थे?"
शेचाळीसच्या उन्हात हवा पातळ होते, म्हटलं,
पाणी घातलेल्या दुधासारखी. भांडं भरतं, साय धरत नाही.
म्हणून तर समोर ती जाळी, हवा निववायला.
जाळीत टोळ अडकले होते, चिखलासकट.
तेही काढले, पिनेनं, एकेक.

संध्याकाळी त्याच चढावर नेली.
पाय दाबला. काही नाही.
काही नाही.
हा क्षण माझ्या ओळखीचा.
दोरी ओढली की आधी कातडं फुगायचं,
मग जरा विचार करायचं,
मग वारं निखाऱ्यात शिरायचं.
"हाये तशीच हाये बाप्पा," म्हणायला
उकंडरावांनी तोंड उघडलं
आणि बारीक शिट्टी वाजली
आणि त्यांची टोपी मानेवर घसरली.
वाक्य राहिलं.

परत आल्यावर त्यांचा हात किल्लीकडं गेला.
मी धरला.
थांबा, तो दांडा अजून तापलेला आहे,
इंजिन बंद तर तेल बंद,
तेल बंद तर आतल्या आत जळतो.
एक मिनिट नुसती घुरघुरू द्या.

बाबाही काम सरल्यावर ऐरणीवरून
एकदम उठत नसत.
हातोडा मांडीवर ठेवून बसायचे,
हाक मारली तरी.

"झालं?" उकंडरावांनी खुणेनं विचारलं.
नाही अजून.
मुनीरचाचा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतात.
ते दोन वर्षांपासून बंद आहे.
तरी बघतात,
आणि बरोबर वेळी मान हलवतात.