निळं लेबल

सकाळपासून एकशे सत्तेचाळीस पानं उघडली आणि मिटली.
एका पानावर फंक्शनचं नाव ठळक,
पुढच्यावर तिरपं,
त्याच्या पुढच्यावर अवतरणात,
जणू कुणाच्या तोंडून नुसतं ऐकलंय.
कुठे नावामागं पोकळ कंस,
कुठे कंसाचा पत्ता नाही,
आणि काम दोघांचं एकच: यादी उलटी लावायची.

मुबश्शिर फोनवर विचारतो,
"ताई, लोकांना कळतंय की. कामून एवढं?"
मागं त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात कागद अडकल्याचा आवाज.
मी म्हणते, कळतं.
आपल्याला कळतं.

या कामाआधी तीन हंगाम मी
मंठा रोडवरच्या बियाण्याच्या कंपनीत होते,
लेबलच्या टेबलावर.
पैदासकाराचं पिवळं, पायाभूत पांढरं, प्रमाणित निळं.
कौतिकाबाईंना अक्षर येत नव्हतं.
पण निळ्या गठ्ठ्यात एखादं पांढरं घुसलं की
सुनेची तक्रार मध्येच न तोडता
त्या ते उपसून बाजूला ठेवायच्या,
तांदळातल्या खड्यासारखं.
"वाचणारा मागून वाचतो गं.
आधी रंग बघतो."

आता टेबलावर रंग नाहीत.
जसंच्या तसं टाइप करायचं ते एकाच रुंदीच्या अक्षरात.
आपलं काही घालायचं तिथे तिरपं.
नवा शब्द पहिल्यांदा आला तरच ठळक, मग पुन्हा नाही.
कॅलेंडरवर गॅसवाल्याच्या नंबराखाली लिहून ठेवलंय.
एस्केपखालच्या बटणावरची ती तिरकी टिकली
शब्दाच्या अलीकडे एक, पलीकडे एक.
पलीकडची राहिली
तर परिच्छेद संपेपर्यंत
माणूस यंत्राच्या आवाजात बोलत राहतो.

परवा कंटाळून एका फटक्यात सगळं बदललं.
शोध: यादी. जागी: टिकल्यांतली यादी.
चारशे बारा ठिकाणी झालं, म्हणालं यंत्र,
आणि प्रस्तावनेतली किराणा सामानाची यादीसुद्धा
हुकूम होऊन बसली.
मग आली ती पाखडण्याची रात्र.
सळईच्या भट्ट्यांनी वीज ओढली की
आमच्या गल्लीतला बल्ब पिवळा पडतो,
त्या उजेडात एकेक शब्दाला विचारत बसले,
तू नाव आहेस की नुसताच शब्द?
काहींनी उत्तर दिलं नाही.

आणि त्या रात्रीच सापडलं परतूरचं पत्र.
नितेश खरात, डिप्लोमा, पहिलं वर्ष.
"मॅडम, पुस्तकात आहे तसंच केलं, काहीच होईना."
सोबत पडद्याचा फोटो, कोपऱ्यात त्याचा अंगठा.
त्याने टाइप केलं होतं:
तुमच्या_फाइलचं_नाव.
अक्षर न अक्षर. मधल्या रेघांसकट.

मी हसले. खरंच हसले, एकटीच, मोठ्यानं.
मग ते पान काढलं.
ते तिरपं हवं होतं.
ते एकाच रुंदीत उभं होतं, टिकल्या लावून, ऐटीत,
आणि शेवटची दुरुस्ती माझ्या नावावर.

पोरानं बरोबर पेरलं होतं.
पिशवीवरचं लेबल माझं.

त्याला काय लिहावं कळेना.
"चूक तुझी नाही" लिहिलं, खोडलं,
कारण ते फार मोठं वाटत होतं
एवढ्याशा तिरक्या अक्षरासाठी.
शेवटी लिहिलं, पान सुधारलंय, पुन्हा बघ.
त्याचं उत्तर: झालं मॅडम.
आणि एक अंगठा. या वेळी पिवळा, छापील.

कौतिकाबाईंना हे सांगायला हवं होतं.
त्या आता बदनापूरला लेकीकडे असतात, फोन उचलत नाहीत.

रात्री सव्वादहाला मुबश्शिरचा मेसेज.
वाटलं दुकान बंद करून झोपला असेल.
"पान त्र्याण्णव. दुसरी टिकली राहिलीय."
बाकी काही नाही.

मी उठले, चष्मा शोधला,
लावली.