खात्री

फॉर्मवर पहिलाच रकाना: अनुभव.
मी लिहिलं, एकतीस वर्षं, यंत्रमाग, टॉवेल खातं.
बागवानांची शाहीन हसली नाही.
"काका, बेडकांचा अनुभव," एवढंच म्हणाली,
आणि खाली स्वतःच लिहिलं: ऐकू शकतात.

तेही अर्धं खोटं.
सिव्हिलच्या डॉक्टरनं आलेख काढून दाखवला होता,
डाव्या कानाची रेघ
जिन्यावरून घसरलेल्या पोरासारखी खाली आलेली.
रातकिडा मला सात वर्षं ऐकू येत नाही.
नातीच्या पैंजणांचंही तसंच,
ती पळताना दिसते
आणि आवाज मी अंदाजानं घालतो.

नान्नजच्या माळावर, जुन्या दगडखाणीपाशी
जीप थांबली तेव्हा साडेनऊ.
भाद्रपद. गवत गुडघ्याच्या वर.
पायात जावयाचे महापालिकेचे गमबूट, एक नंबर मोठे.
सूचना अशा: बॅटरीला लाल कागद,
पाणी ढवळायचं नाही,
हात लावायचाच तर आधी ओला करून,
आणि साप दिसला तर पहिला मान त्याचा.
आम्ही आठ जण. सात कॉलेजचे, आणि मी.

इरण्णा ड्रायव्हर बोनेटवरून म्हणाला, आमच्यात कप्पे.
आमची आई कप्प म्हणायची.
शाहीनच्या घरी मेंढक.
फॉर्मवर मात्र लॅटिन, दोन तिरके शब्द,
ते कुणाच्याच आईचे नव्हते.
ज्याला शोधायचं तो अंगठ्याच्या पेराएवढा,
वर्षातले दहा महिने मातीखाली,
शेवटची नोंद चौदा वर्षांपूर्वीची, तीही बरणीतली.

मग बॅटऱ्या विझल्या. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही.
आणि खाणीतलं पाणी एकदम सुरू झालं.
पोरांनी एकमेकांचे हात धरले,
कुठला आवाज कुणाचा, त्यांना कळेना.
मला ही जागा ओळखीची होती.
एका पत्र्याखाली चाळीस माग,
आणि सव्वीस नंबरचा बाणा तुटला
की पाठमोऱ्या माझी मान वळायची.
त्याला ऐकणं म्हणत नाहीत.
दात पडल्यावर जीभ आपोआप तिथं जाते, तसं काहीतरी.

रातकिडे माझ्यापुरते नव्हतेच.
टॉवेलांनी चाळून घेतलेले कान,
जाडे जाडे आवाज तेवढे मागे राहिलेले.
त्यात, उजवीकडे, बाभळीच्या मुळाशी
एक जण बाकीच्यांच्या ठोक्यात नव्हता.
तीन, थांबून एक.
तीन, थांबून एक.
धोटा अडकत चालतो तसा.

मी शाहीनचं कोपर धरलं.
तिनं श्वास रोखून ऐकलं, मान हलवली: नाही.
यंत्र त्या दिशेला लावलं, त्यातही किड्यांचीच किरकिर.
मग आम्ही दोघं रांगत गेलो, कोपरांपर्यंत चिखल,
आणि तो गप्प झाला.
होणारच. शेठच्या चपला वाजल्या
की मीही विडी विझवायचो.

दोन वाजेपर्यंत बसलो. डासांनी जेवून घेतलं.
जीपमध्ये इरण्णा घोरत होता.
एका पोरानं हळूच विचारलं,
काकांना कमी ऐकू येतं ना?
हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

शाहीननं पेन बराच वेळ दातांत धरलं.
मग लिहिलं: एक. नर. दिसला नाही. ऐकला, कोडम.
शेवटचा रकाना, ऐकणाऱ्याची खात्री,
पूर्ण, अर्धी, नाही,
तिनं कोराच ठेवला आणि पॅड माझ्या मांडीवर दिलं.
"हे तुमचं तुम्ही भरा."

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
माग थांबवायचा की नाही, जॉबर ठरवायचा.
मी 'पूर्ण'वर खूण केली.
हात ओला होता, शाई शेजारच्या 'अर्धी'वरही थोडी गेली.

अशोक चौकात उतरलो तेव्हा सकाळची पाळी भरत होती.
सत्तम्मानं दार उघडलं, आधी बुटांकडे पाहिलं.
सापडला का?
नाही, म्हटलं.
आहे.